पडक्या देवळाच्या दाराशी पेरीनकाकू

परवा शेजारच्या घरात एक नवं जोडपं राहायला आलं. तिशीच्या आतली दोघं, एक गुटगुटीत मांजर आणि हिरवागार सोफा. दुसऱ्याच दिवशी तो मुलगा हातात शिडी घेऊन आमच्या दारात हजर. म्हणाला, हॉलमधल्या स्मोक अलार्मला कोणीतरी शॉवर कॅप घातलीय, का ते तुम्हाला माहीत आहे का?

"माहीत आहे की," मी म्हटलं. मग "लाँग स्टोरी" एवढंच म्हणून त्याला वाटेला लावलं आणि किचनमध्ये येऊन पोटभर रडले. रडायचं तरी कशासाठी, तर शॉवर कॅपसाठी! पण आलं रडू, त्याला काय करणार.

ती टोपी पेरीनकाकूंची. पेरीन साठे. नाव पारशिणीचं आणि आडनाव कोकणस्थाचं, त्यामुळे नवा माणूस हमखास दोनदा विचारायचा. काकूही हौसेनं दोनदा सांगायच्या. नवरा डॉक्टर, साठेकाका. दोघं बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलांत नोकरी करायला आले ते इथलेच झाले. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा आमच्या सेमीडिटॅच्ड जोडघराच्या भिंतीपलीकडे हे दोघं. भिंत असली पातळ, की काका शिंकले तर मी इकडून "गॉड ब्लेस यू" म्हणावं.

रोज दिवेलागणीला काकू डोक्याला रुमाल बांधून चांदीच्या एका छोट्या पात्रात निखारे घ्यायच्या, त्यावर लोबान आणि सुखडीचे, म्हणजे चंदनाचे, तुकडे टाकायच्या आणि खोलीखोलीतून तो धूर फिरवायच्या. आता इंग्लिश घर ते. छत डोक्याला टेकेल एवढं, खाली कार्पेट आणि वर अलार्म. मी येण्याच्या आधीची गोष्ट काका रंगवून सांगायचे. पहिल्याच हिवाळ्यात अलार्म असा बोंबलला की पलीकडच्या म्हातारीनं घाबरून फायर ब्रिगेडला फोन केला. हेल्मेट घातलेले दोन आडदांड गडी दारात, आणि समोर ही बाई धुराच्या ढगात पात्र घेऊन उभी. काकूंनी त्यांना काय सांगावं? "बूट काढा आधी!" आणि त्यांनी काढले हो. मग सॉक्सवर बसून दोघांनी वाटी वाटी रवो खाल्ला. रवो म्हणजे पारशी पद्धतीचा दुधातला शिरा. दुसऱ्या दिवशी अलार्मला टोपी चढली.

"काकू, हे बेकायदेशीर आहे," मी कितीदा तरी सांगितलं.

"चूप बेस," काकू म्हणायच्या. "अग्नी माझ्या घरात मानानं येते. तिला बघून कोणी बोंबलला तर मला नाय चालणार."

अग्नीला त्या कधी 'ती' म्हणायच्या, कधी 'तो'. चाळीस वर्षं साठ्यांच्या घरात काढून त्यांचं मराठी असंच राहिलं होतं, ऐसपैस. त्यात गुजराती यायचं, बर्मिंगहॅमचं इंग्रजी यायचं, शिव्या मात्र अस्सल पारशी. मुओ, म्हणजे मेला, हा त्यांचा लाडका शब्द. बस उशिरा आली, मुओ. मायक्रोवेव्ह बिघडला, मुओ. पंतप्रधान टीव्हीवर दिसले, की तेही.

अग्नीच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. आमच्या इराच्या पाचव्या वाढदिवसाची हकिगत आमच्या गल्लीत अजून सांगतात. वर्गातली सगळी गोरी-काळी पोरं टेबलाभोवती जमली, हॅप्पी बर्थडे म्हणून झालं, इरानं गाल फुगवले, आणि काकूंनी तिचं तोंडच हातानं दाबलं. "नो ब्लोइंग! अग्नीला तोंडाची थुंकी लावते? शरम नाय?" पोरांना वाटलं हा काहीतरी नवा गेम आहे. सगळी टक लावून बसली. मेणबत्त्या वितळल्या, गुलाबी मेण आयसिंगवर ओघळलं, एक मेणबत्ती तर केकच्या आत जाऊन विझली. इरानं भोकाड पसरलं. मी मनातून अशी काही भडकले होते! पण काकूंनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "डीकरी, लोक फूऽ करून दिवा घालवतात. तुझा दिवा आपला आपण गेला. किती मोठी लकी तू." इरा ताबडतोब गप्प. पुढच्या वर्षी तिनंच हट्ट धरला की मेणबत्त्या फुंकायच्या नाहीत. मेणाचे केक खाऊन आम्ही सगळे मोठे झालो म्हणा ना.

काकू मिडवाइफ होत्या. आपल्या हातावर किती पोरं जन्माला आली हे त्यांना स्वतःला सांगता यायचं नाही. बसमध्ये, टेस्कोच्या दुकानात, कुठेही एखादी बाई धावत यायची आणि सहा फुटी मुलाला पुढे ढकलून म्हणायची, "हाच तो." काकू त्याला नखशिखांत न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "ह्यूज हेड. आय रिमेंबर." बाहेर येऊन मला सांगायच्या, काही आठवत नाय, पण डोकं तर सगळ्यांचंच मोठं असते तेव्हा.

इतकी दिलदार, इतकी बडबडी बाई. पण त्यांच्या फ्रिजवर एक फोटो होता, त्याच्याविषयी मात्र त्या बोलत नसत. कुठल्यातरी मासिकातून कापलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. उजाड टेकडी, तिच्यावर मातीच्या विटांच्या ढासळलेल्या भिंती, वर निळं आभाळ. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "इराणची अगियारी आहे. जुनी. पडली." बस्स, एवढंच. अगियारी म्हणजे त्यांचं अग्नीचं मंदिर, हे मला माहीत होतं. माझ्या माहेरी एक होती, आम्ही शाळेत जाताना तिच्या फाटकावरून जायचो. परधर्मीयांना आत प्रवेश नाही अशी पाटी होती. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आपली नाही, तर आपण जायचं कशाला?

पेरीनकाकूंची मात्र ती होती ना.

ही गोष्ट त्यांनी मला साठेकाका गेल्यावर सांगितली. रविवारी दुपारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. काहीही कारण नसताना त्यांनी सुरुवात केली. त्यांचं गाव घाटावरचं, लष्करी छावणीचं. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. वडिलांची सोडावॉटरची फॅक्टरी, घरासमोर अगियारी. लहानपणी मम्माचा हात धरून रोज तिथे जायचं, कपाळाला राख लावून परत यायचं. मग काकूंनी साठ्यांशी लग्न केलं. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला तिथल्या ट्रस्टींच्या लेखी अगियारीचं दार बंद. मुलानं केलं तर एक वेळ चालेल, मुलीनं नाही.

"तेव्हा मला काय फरक पडला? मी तर इकडे मजेत होती," काकू म्हणाल्या. "मग मम्मा गेली."

इरा तेव्हा माझ्या पोटात होती. काकू धावतपळत इंडियाला गेल्या ते मला आठवत होतं. परत आल्या त्या बारीक होऊन आणि नेहमीपेक्षा जास्त बोलत.

मम्माच्या तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थना अगियारीत होत्या. काकू पांढरी साडी नेसून, डोकं झाकून भावाबरोबर गेल्या. फाटकातून आत, व्हरांड्यापर्यंत. तिथे उंबऱ्याशी दस्तुरजी, म्हणजे त्यांचा पुजारी, उभा. तो कोण, तर काकूंबरोबर शाळेत एका बाकावर बसणारा पेसी. ह्यांच्या आंबाबर्फ्या चोरून खाणारा.

"त्यानं मला ओरडला असता तर मी त्याचा कान पिरगळून आत गेली असती," काकू म्हणाल्या. "पण तो रडवेला झाला ग. म्हणाला, पेरीन, माझ्या हातात काय पण नाय. आणि खुर्ची आणली त्यानं माझ्यासाठी. चांगली वेताची, उशीवाली. व्हरांड्यात ठेवली. पंखा पण लावला. आता खुर्ची दिल्यावर माणूस काय करणार? बसली मी. आत माझ्या मम्माच्या नावानं प्रार्थना चालू आणि बाहेर मी पंख्याखाली, बाजूला ड्रायव्हर. तो बिचारा मला सांगते, बाई, पाणी आणू? मी रडली पण नाय. असं पाहुण्यासारखं बसून काय रडणार?"

मी मटार सोलत राहिले.

"लंडनला आमच्या लोकांचा सेंटर आहे, तिकडे सगळ्यांना जाऊ देतात," त्या म्हणाल्या. "गेली मी. चांगले लोक आहेत. पण तो हॉल आहे, बाजूला बॅडमिंटन चालते. मला जुनी अगियारी पायजे, दगडामातीची. म्हणून मी ठरवला, इराणला जायचा. पडलेल्या अगियारीत ट्रस्टी नसतात. पेसी पण नसते. सरळ आत जाईन आणि मम्माची राहिलेली प्रार्थना म्हणीन. मोठ्यानं."

तेव्हा मला त्या फोटोचा अर्थ लागला.

आणि कसलं काय, ते इराण काही घडेना. काका होते तेव्हा त्यांच्या रजा जुळल्या नाहीत. मग काकांना स्ट्रोक झाला, ती वर्षं त्यांच्या उशाशी गेली. त्यानंतर व्हिसा. ब्रिटिश पासपोर्टवाल्याला तिकडे गाइडशिवाय हिंडता येत नाही, ग्रुप हवा, आणि ग्रुप जमला की हमखास टीव्हीवर काहीतरी पेटलेलं दिसायचं. सरकारच्या प्रवासाच्या वेबसाइटवर इराणचा नकाशा लालेलाल, म्हणजे जाऊ नका. काकू रोज सकाळी चहा पिताना तो उघडायच्या. "अजून रेड," मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "मुओ."

मग त्यांचं स्वतःचं हृदय कुरकुरायला लागलं. कार्डिऑलॉजिस्टनं विमानाला साफ मनाई केली. तो त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये जन्मलेला निघाला, पण त्याचाही काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी काकूंनी फ्रिजवरचा फोटो काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. फ्रिजवर त्याच्या जागी पांढरा चौकोन राहिला.  संध्याकाळी लोबानाचा वास नेहमीसारखाच आला, पण काकूंचा आवाज काही आला नाही.

मार्ग काढला तो आमच्या इरानं. ती आता न्यूकासलला नोकरी करते, तिचं मराठी बर्मिंगहॅमी. एका शनिवारी फोन आला. "आई, काकूला फ्लाय नाही करता येत ना? पण इकडे आहे एक. पर्शियन टेंपल. रुइन्स. मी गेलो हायकिंगला, तर फील्डच्या मध्ये आहे. मिथ्रा नावाचा गॉड."

मला वाटलं, पोरगी वेडीबिडी झाली. पण खरंच आहे. तिकडे उत्तरेला, नॉर्थंबरलंडमध्ये रोमन लोकांनी बांधलेली ती लांबलचक भिंत आहे ना, हेड्रियनची, तिच्या कडेला मिथ्राच्या देवळाचे अवशेष आहेत. बांधलं रोमन शिपायांनी, पण देव मूळचा इराणचा. मी भीतभीतच काकूंना सांगितलं. वाटलं, म्हणतील, रोमन माणसांशी माझा काय संबंध.

काकू खुर्चीतून उठल्याच. "मिथ्रा म्हणजे आमचा मेहेर! मेहेर यझद! अग, अगियारीला आम्ही दरेमेहेर म्हणते. मेहेरचा दरबार. तो इकडे थंडीत काय करते बिचारा?"

"तुम्ही काय करताय इथे? तेच," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या की मला त्यांचा हृदयाचा स्प्रे शोधावा लागला.

मे महिन्यात आम्ही गेलो. ती आमची शेवटची सहल. पुढच्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या, आणि मिडवाइफच्या फ्यूनरलला इतकी मोठमोठी डोकी जमली की क्रेमेटोरियमवाल्यांना जास्तीच्या खुर्च्या आणाव्या लागल्या. पण पेरीनकाकू म्हटल्यावर मला त्या शवपेटीतल्या आठवतच नाहीत. त्या आठवतात त्या शेतातल्या.

आदल्या दिवशी ट्रेननं न्यूकासलला इराकडे मुक्काम केला. सकाळी काकू डोक्यावरून न्हाल्या आणि बाथरूममधून बाहेर आल्या त्या पांढरी साडी नेसून. पारशी पद्धतीनं, पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला. त्याच्यावर इराचं वाऱ्यापावसाचं लाल जाकीट, अनोरॅक, डोक्याला पांढरा रुमाल आणि पायांत माझे हिरवे वेलिंग्टन बूट. आम्ही दोघी बघतच राहिलो.

"काय बघते? देवाकडे जायचा आहे," काकू म्हणाल्या. "चिखलातून."

आणि चिखल होताच. गाडी लावून फाटकातून आत शिरलो तर नुसतं गवत, मेंढ्या आणि वारा. मेंढ्या काकूंकडे टकामका बघत होत्या. मी एका बाजूला, इरा दुसऱ्या बाजूला, मध्ये काकू, अशी आमची वरात चालली. दर थोड्या वेळानं त्या थांबायच्या आणि श्वास घेता घेता मेंढ्यांना शिव्या द्यायच्या. उतार संपला आणि खोलगटात ते दिसलं. एवढंसं. आमच्या दोन घरांच्या मागच्या गार्डन्स जोडल्या तर होईल तेवढं. भिंती कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे कमरेएवढ्या, आणि पलीकडच्या टोकाला तीन दगडी वेदी. माझं तर तोंडच उतरलं. इतक्या लांब आणलं ते ह्यासाठी?

इरा तेवढ्यात फोनवर वाचायला लागली. "फक्त सोल्जर्स यायचे. सीक्रेट होता. आणि, ओह." ती थांबली.

"काय ओह?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"इरा, वाच."

"वुमेनला अलाउड नव्हता," इरा हळूच म्हणाली. "बायका आत जाऊ शकत नव्हते."

मी कपाळावर हात मारला. काकू खो खो हसत सुटल्या. "खोदायजी! इकडे पण! एवढा ड्राइव्ह करून मी परत व्हरांड्यात!" आम्हीही हसलो. हसण्याशिवाय करणार काय.

मग त्यांनी अनोरॅक काढून माझ्याकडे दिला. बूटही काढले, नको म्हटलं तरी. ओल्या गवतात मोज्यांवर उभ्या राहिल्या, उजेडाकडे तोंड करून कमरेची कस्ती, त्यांचा तो पवित्र लोकरीचा गोफ, सोडली आणि मंत्र पुटपुटत परत बांधली. वाऱ्यानं पदर फडफडत होता. भिंत गुडघ्याएवढी. कुठूनही पाय टाकून आत जाता आलं असतं. पण काकू भिंतीला वळसा घालून नीट दारापाशी आल्या. दार म्हणजे काय, भिंतीतली एक फट आणि खाली एक झिजलेला दगड.

आणि तिथे थांबल्या.

मला वाटलं, दम लागला. पण श्वास ठीक होता. हात जोडलेले, नजर आत, आणि पाय हलेना. पडलेल्या अगियारीत कोणी अडवायला नसतं म्हणून वर्षानुवर्षं जप केलेली बाई, आणि अडवणारं कोणीही नसताना तिला तो दगड ओलांडता येईना. मी म्हणणार होते, काकू, जा ना. पण मी कोण म्हणणारी? मी पण तिथे बाहेरचीच.  इरा माझा हात घट्ट धरून उभी होती.

तेवढ्यात आतून आवाज आला. भिंतीच्या आडोशाला, वारा लागू नये म्हणून, एक बाई बसली होती. आम्हाला दिसलीच नव्हती. साठीची, गालांवर लाली, डोक्यावर लोकरीची टोपी, मांडीवर सँडविच आणि पायाशी केसाळ कुत्रा. तिनं मान वर करून काकूंना पाहिलं. पांढरी साडी, झाकलेलं डोकं, ओले मोजे. आणि जशी काही ती वाटच बघत होती, अशा सुरात म्हणाली, "कम इन, पेट. कम इन. आत ये, इथे वारा नाही लागत."

तिकडचे लोक सगळ्यांनाच लाडानं पेट म्हणतात. दुकानदार म्हणतो, बसचा ड्रायव्हर म्हणतो. पण काकूंचा चेहरा मी पाहिला. "मे आय?" त्यांनी विचारलं. चौथीतल्या मुलीसारखा आवाज.

"ऑफ कोर्स यू मे," बाई म्हणाली आणि कुत्र्याला बाजूला ओढलं.

काकू दगड ओलांडून आत गेल्या. हळूहळू चालत पार त्या वेदींपर्यंत. आणि म्हणाल्या होत्या तशी, मोठ्यानं, मम्माची प्रार्थना म्हटली. मला त्यातला एक शब्द कळला नाही. त्या बाईनं सँडविच बाजूला ठेवलं आणि टोपी काढून हातात धरली. बराच वेळ चालली ती प्रार्थना. मी बूट आणि अनोरॅक पोटाशी धरून बाहेर उभी होते.

संपल्यावर काकू मागे आल्या आणि त्या बाईशेजारी दगडावर बसल्या. बाईनं थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, ही प्रार्थना कोणासाठी?

"माय मदर."

"ऑ, पेट." बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "कधी गेली?"

इरानं माझ्याकडे पाहिलं. काकूंनी चहाचा एक घोट घेतला.

"जस्ट नाउ," त्या म्हणाल्या. आणि त्या परक्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागल्या.